टॉम यम पेस्ट: सावजी खाणाऱ्यांसाठी तिखट आहे का?

टॉम यम म्हणजे थाई आंबट-तिखट सूप, त्याची ऑनलाइन मागवलेली पेस्ट वापरून राहिलो सध्या, तर नागपूरकरांसाठी थोडक्यात सांगतो. वास एकदम खरा आहे, बरणी उघडली की गवती चहा, थाई आलं म्हणजे गलंगल आणि मकरूट लिंबाची पानं सगळं एकदम नाकात, पण तिखटपणा म्हणाल तर सावजी खाणाऱ्या माणसाला हे गोडच वाटणार बे, वरून हिरव्या मिरच्या ठेचून घालाच. मीठ मात्र भरपूर आहे तिच्यात, म्हणून फिश सॉस शेवटी चाखून मगच टाका.

बाकी सामान इथे मिळतं. गवती चहा तर कोणाच्याही अंगणात असतो. समुद्र नाही म्हणून रडायचं कारण नाही, थायलंडमध्येही या सूपला गोड्या पाण्यातले मोठे झिंगे चालतातच, आपल्या भंडाऱ्याकडचे ताजे मिळाले तर फ्रोझनच्या नादी लागू नका. झिंग्यांची डोकी नि सालं फेकू नका, थोड्या तेलात परतून पाण्यात उकळा, खरी चव तिथे आहे, पेस्ट नंतर. झिंगे दोन-तीन मिनिटंच, स्क्विड घालत असाल तर त्याहून कमी, नाहीतर रबर. लिंबू गॅस बंद केल्यावरच पिळायचं.

२०२४ मध्ये युनेस्कोच्या वारसा यादीत टॉम यम कुंग (म्हणजे झिंग्यांचं टॉम यम) आलं म्हणून भाव वाढवला की काय माहीत नाही, बरणी महागच वाटते. पाचपैकी साडेतीन.