सभासद नोंदणीचं ॲप आणि आमचा पेन्शनर संघ: अकरा महिन्यांचा अनुभव

मी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेली शिक्षिका, सध्या सोलापुरातल्या एका पेन्शनर संघाची खजिनदार. आमचा संघ म्हणजे मिसळ आहे. रेल्वेवाले आहेत, राज्य सरकारचे आहेत, आम्ही शिक्षक आहोत, आणि ईपीएस-95 वाले, म्हणजे भविष्य निर्वाह निधीच्या 1995 च्या योजनेतून पेन्शन घेणारे जुने गिरणी कामगार आणि विडी वळणाऱ्या बायकाही आहेत. वर्गणी वर्षाला दोनशे रुपये. तरी दर मार्चअखेर वही उघडली की पंधरा-वीस नावांपुढची जागा कोरी. म्हणून गेल्या जूनमध्ये कार्यकारिणीने ठरवलं, ॲप घ्यायचं. वर्षाला 3,600 रुपये. कंपनीचं नाव लिहीत नाही. काही तक्रारी ॲपच्या आहेत, काही आमच्याच अकलेच्या.

घेताना आम्हाला भुरळ पडली ती आठवण करून देण्याची. वर्गणी थकली की आपोआप मेसेज, त्यात लिंक, दाबली की पैसे जमा. ऐकायला सोपं. झालं असं, की जुलैमध्ये आम्हीच सायबर फसवणुकीवर व्याख्यान ठेवलं होतं. सगळ्यांकडून तीनदा वदवून घेतलं, अनोळखी लिंक दाबायची नाही. ऑगस्टमध्ये ॲपने एकशे चाळीस जणांना लिंक पाठवली. पैसे आले चौघांचे. रेल्वेतून निवृत्त झालेले एक काका तर मोबाइल घेऊन थेट कार्यालयात आले, "बाई, संघाच्या नावाने कुणीतरी पैसे मागतंय, सगळ्यांना सावध करा." शाळेत इतकी आज्ञाधारक मुलं मला कधी मिळाली नाहीत.

त्यानंतर लिंक बंद केल्या आणि थकबाकीची यादी तिघींनी वाटून घेऊन फोन लावायला बसलो. खरी माहिती तिथे मिळाली. दोनशे रुपये जड झाले असं एकानेही सांगितलं नाही. कुणाचा मोतीबिंदू झाला होता, कुणी मुलाकडे पुण्याला गेलं होतं, आणि बरेच जण म्हणाले, "काम झालं होतं, मग येणं राहूनच गेलं." सातव्या वेतन आयोगाच्या फरकाचे हप्ते अडकले होते तेव्हा हेच लोक दर आठवड्याला यायचे. हप्ते पडले, पाय थांबले. यात त्यांची चूक नाही. पुढच्या कामाची तारीख आम्ही त्यांना कधी सांगितलीच नव्हती.

ॲप उपयोगी पडलं ते इथे. त्यात आपल्याला हव्या तशा जादा रकान्यांची सोय आहे. आम्ही जन्मतारीख, निवृत्तीची तारीख, पेन्शन विकली असेल (म्हणजे तिचा काही भाग आधीच एकरकमी घेतला असेल) तर कधीपासून कपात, आणि हयातीचा दाखला शेवटचा कधी दिला, असे चार रकाने केले. भरायला दोन महिने गेले, कारण निम्म्या लोकांच्या पीपीओची, म्हणजे पेन्शन मंजुरीच्या आदेशाची प्रत ट्रंकेच्या तळाशी असते. पण एकदा भरल्यावर तारखेप्रमाणे यादी लावता येते. विकलेली पेन्शन 15 वर्षांनी पूर्ववत होते. म्हणजे 58 व्या वर्षी निवृत्त झालेल्याची साधारण 73 व्या वर्षी. ती आपोआप झाली की नाही, हे पासबुक उघडून बघणारे थोडे. केंद्राच्या पेन्शनरला 80 पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनवर 20 टक्के जादा मिळतात, 85 ला 30, 90 ला 40. आता दर तीन महिन्यांनी यादी काढतो आणि ज्यांची तारीख जवळ आली त्यांना फोन करतो. "काका, तुमची पेन्शन पूर्ण होण्याची वेळ झाली, पासबुक घेऊन या." असा फोन गेला की माणूस येतोच. दोन वर्षांची थकलेली वर्गणी न मागता टेबलावर ठेवतो.

नोव्हेंबरचं शिबिर दरवर्षीचंच, पण यंदा त्याची गर्दी फोडता आली. सरकारी पेन्शनरांचा हयातीचा दाखला नोव्हेंबरात. ईपीएसवाल्यांचं तसं नाही, दाखला दिल्यापासून 12 महिने चालतो, मग वर्षात कधीही द्या. पूर्वी सगळ्यांनाच नोव्हेंबरात बोलवायचो आणि दुपारपर्यंत चहासुद्धा संपायचा. आता ज्याची मुदत ज्या महिन्यात, त्याला त्या महिन्यात बोलावणं. विडी कामगार बायकांचा प्रश्न निराळा. जन्मभर पानं कातरून आणि विड्या वळून बोटांच्या रेषा गेलेल्या, अंगठ्याचं यंत्र घेतच नाही. 2021 पासून चेहरा दाखवून दाखला देता येतो, तो आमच्याच मोबाइलवर करून देतो. पहिल्यांदा एका अक्कांचा दाखला झाला तेव्हा त्या तेलुगूत काहीतरी म्हणाल्या आणि सगळ्या बायका हसल्या. मला कळलं नाही. पुढच्या महिन्यात त्या आणखी सहा जणींना घेऊन आल्या.

आता मुख्य तक्रार. सभासद वारला की ॲपमध्ये त्याच्या नावापुढे "बंद" करायचं. बंद केलं की पत्ता, फोन, सगळं यादीतून गायब. आम्ही इमानेइतबारे बंद करत गेलो. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या गर्दीत एक वहिनी भेटल्या. त्यांचे यजमान आमचे जुने सभासद, पावसाळ्यात गेले. म्हणाल्या, "कुटुंब पेन्शनचं अजून काही झालं नाही बाई. संघ त्यांचा होता ना, मग मी कशी येऊ?" रात्री घरी येऊन जुन्या वह्या काढल्या. पाच वर्षांत गळालेल्या नावांत रुसून किंवा कंटाळून गेलेले मोजके. सगळ्यांत जास्त गळती या दारातून होती. नवरा गेला, नाव कापलं, आणि ज्या बाईला संघाची खरी गरज होती तिला आम्हीच बाहेर ठेवलं. बँकेत मृत्यूचा दाखला द्यायचा, पीपीओ दाखवायची, पीपीओत तिचं नाव आणि जन्मतारीख बरोबर आहे का बघायचं. जुन्या कागदांवर बायकोची जन्मतारीखच नसते, आणि ती नसेल तर तिच्या 80 व्या वर्षी मिळणारी जादा पेन्शन अडकते.

ॲपच्या मदत क्रमांकावर विचारलं, एकाच्या जागी दुसरं नाव घेता येईल का. उत्तर आलं, नवीन सभासद म्हणून नोंदवा. म्हणजे पुन्हा प्रवेश फी आणि नवा क्रमांक. आम्ही उलट केलं. ठराव करून क्रमांक घराचा केला, त्यात नवरा-बायको दोघांची नावं. आणि हयात सभासदांना सांगितलं, बायकोच्या जन्मतारखेची दुरुस्ती तुम्ही असतानाच करून घ्या. हे सांगताना पुरुष जरा चुळबूळ करतात. बायका लगेच आधार कार्ड काढतात.

बाकी दोष किरकोळ. मराठी यादी छापली की जोडाक्षरं फुटतात. एकाच तेलुगू आडनावाची तीन स्पेलिंगं होऊन एक माणूस तीनदा सभासद झाला. सभेच्या हजेरीवरून अंदाज बांधायलाही जाऊ नका, निदान सोलापुरात. नळाला पाणी रोज येत नाही, आणि ज्या भागात सभेच्या दिवशी पाणी येतं तिकडचं कुणी फिरकत नाही. मी हौसेने "पाण्याचा वार" असाही रकाना केला होता. काही दिवसांआड येणाऱ्या पाण्याला ठरलेला वार नसतो, हे पंधरा दिवसांत कळलं. एप्रिल-मेमध्ये तर बेचाळीसच्या पुढे ऊन, दुपारच्या सभेला मी स्वतःच गेले नसते.

आजीव सभासदांबद्दल मात्र इतर संघांना सांगावंसं वाटतं. एकदाच पैसे घेऊन आयुष्यभराची पावती दिली की त्या माणसाशी बोलायचं निमित्तच उरत नाही. ॲपमध्ये ते कायम हिरवे दिसतात. आमच्या हिरव्यांपैकी नऊ जणांचे फोन लागलेच नाहीत. आता आजीव सभासदांकडून वर्गणी घेत नाही, पण वर्षातून एकदा त्यांच्या नोंदी समोर बसून तपासतो. 17 डिसेंबरला पेन्शनर दिनाचा कार्यक्रम असतोच. 1982 साली याच तारखेला सर्वोच्च न्यायालयाने नाकारा खटल्यात सांगितलं की पेन्शन ही मेहेरबानी नव्हे, हक्क आहे. भाषण दहा मिनिटांत आटोपलं आणि उरलेला वेळ नोंदींना दिला. दोन जुने मित्र तिथे वर्षभराने भेटले. "का बे, जिवंत आहेस होय?" एवढं म्हणून जे बसले ते कार्यालयाला कुलूप लागेपर्यंत.

घ्यावं का? शंभराच्या आत सभासद असतील तर दोनशे पानी वही आणि चार रकाने पुरतात. त्याहून जास्त असतील तर घ्या, पण तारखांच्या यादीसाठी घ्या, मेसेजसाठी नको. आणि फोन करायला तीन माणसं आधी ठरवा. आमच्याकडे त्यातल्या एक आता गड्ड्यात भेटलेल्या वहिनी आहेत.

आमच्या ॲपची मुदत पुढच्या महिन्यात संपते. नूतनीकरणाचे तीन मेसेज येऊन गेले, तिन्हींत लिंक आहे. फोन अजून कुणाचा आलेला नाही. लिंक मी दाबलेली नाही.