शंभर फुटी रोडवरची मोरी थाळी : खा, पण कुठली मोरी ते आधी विचारा

सांगलीत मालवणी जेवण म्हणलं की बहुतेक ठिकाणी सुरमईचा पातळ तुकडा, वर लाल रंग आणि पाण्यासारखी सोलकढी एवढंच नशिबात येतं, त्यामुळं शंभर फुटी रोडवर नवीन खानावळ झालीय कळल्यावर फार अपेक्षा नव्हती. बोर्डावर नाव वगैरे काय नाही, नुसतं ‘मालवणी जेवण, मासे, वडे’ लिहिलंय आणि खाली भिंतीवर दात काढलेल्या पांढऱ्या शार्कचं भलंमोठं पोस्टर. जेवण खरंच भारी आहे. पाचपैकी चार देतोय, आणि जो एक कापलाय त्याचा चवीशी काही संबंध नाही, ते खाली लिहितो.

आधी मोरी मसाल्याबद्दल. मोरी म्हणजे शार्कच, हे टेबलावर बसलेल्या निम्म्या लोकांना माहीत नसतं, शेजारच्या टेबलावरचा एक पोरगा पोस्टरकडं बघत ‘हा खरंच मिळतो का हितं’ विचारत होता आणि त्याच्या ताटात मोरीच होती. पोस्टरवरचा राक्षस वेगळा आणि आपल्या ताटात येणारी वेगळी, ती हातभर लांबीची असते. ओलं खोबरं, धने, बेडगी मिरची असं वाटप, शेवटी आमसूल, रस्सा दाट आणि तवंग बेताचा. तुकडे शिजून मऊ झालेले पण फुटलेले नव्हते, आणि हे सोपं नाही, मोरी जास्त शिजली तर दोरे दोरे होतात. आमच्याकडची मटणवाली मंडळी काट्याच्या भीतीनं मासे खात नाहीत त्यांनी मोरीपासून सुरुवात करावी, हिच्यात काटाच नसतो. शार्क आणि पाकट या सगळ्या जातीच कूर्चेच्या, म्हणजे आपल्या कानाच्या पाळीच्या वर जे कडक लवचिक असतं ना त्याचा सांगाडा, हाड म्हणून नाहीच. मधला कणा तेवढा बाजूला काढायचा, बाकी सगळं पोटात. माझ्या सासऱ्यांनी, जे आयुष्यभर रोहू-कटल्याच्या काट्यांना शिव्या देत आलेत, त्यांनी दुसऱ्यांदा मागून घेतली.

आता थोडं विषयांतर. मी बीएस्सीला झूलॉजीवाला. आमच्या वेळी प्रॅक्टिकलला स्कोलिओडॉन असायचा, ट्रेमध्ये फॉर्मॅलिनमध्ये मुरलेला, आणि त्याच्या डोक्यातल्या पाचवी, सातवी, नववी, दहावी या नसा न तोडता उघड्या करून दाखवायच्या. दहावी तुटली की मार्क गेले. आता ती डिसेक्शनं बंद झालीत आणि चांगलंच झालं, पण सांगायचा मुद्दा असा की तो स्कोलिओडॉन म्हणजेच आपली छोटी मोरी, चपट्या थोबाडाची, महाराष्ट्र-गुजरातच्या किनाऱ्यावर सगळ्यात जास्त मिळणारी. फॉर्मॅलिनच्या वासात जी वर्षं काढली तीच समोर आमसुलाच्या वासात आली तर माणूस जरा हळवा होतोच, असो.

वासाचं निघालंय तर तेही सांगतो कारण मोरीची खरी परीक्षा तिथंच असते. लई जण म्हणतात मोरीला मुतासारखा वास येतो म्हणून खात नाही. वास येतो हे खरं आहे आणि त्याला कारण आहे. समुद्राचं पाणी खारट, त्यात माशाच्या अंगातलं पाणी बाहेर ओढलं जातं, मग बाकीचे मासे पाणी पीत राहतात आणि जादाचं मीठ कल्ल्यातून बाहेर टाकतात. शार्कनं वेगळी युक्ती काढली, ती रक्तात आणि मांसात युरिया साठवून ठेवते म्हणजे अंगातल्या आणि समुद्राच्या पाण्यात विरघळलेल्या पदार्थांचं प्रमाण जवळपास जुळतं आणि पाणी बाहेर ओढलं जात नाही. हो, आपण उसाला टाकतो तोच युरिया. एवढ्या युरियानं तिचं स्वतःचंच प्रथिन बिघडायला पाहिजे, ते बिघडू नये म्हणून टीएमएओ नावाचा दुसरा पदार्थही अंगात ठेवते. पण मोरी मेली की जिवाणू त्या युरियाचा अमोनिया करतात आणि वास सुटतो. म्हणजे वास हा मोरीचा दोष नाही, बर्फाचा आणि वेळेचा आहे. मालवणातनं घाट चढून कोल्हापूरमार्गे सांगलीत येईपर्यंत बर्फ कमी पडला तर मोरी सगळ्यात आधी चुगली करते, बांगडा एकवेळ गप्प बसेल. इथं वास अजिबात नव्हता. मी मुद्दाम रस्सा बाजूला सारून तुकडा नुसता खाऊन बघितला. खानावळवाल्या काकींनी सांगितलं की तुकडे करून आधी पाण्यात ठेवतात, पाणी बदलतात, मग हळद-मीठ-आमसूल लावून ठेवतात. पाण्यात युरिया विरघळून जातो आणि आंबटानं अमोनिया मरतो, म्हणजे काकींचं केमिस्ट्री आमच्यापेक्षा पक्कं. आणि हळद अर्थातच सांगलीची, त्यावर चर्चा नको.

कातडी काढायलाही तेवढीच मेहनत. मोरीच्या अंगावर खवले नसतात असं वाटतं पण हात उलटा फिरवला की पॉलिश पेपर. ते बारीक बारीक दातच असतात, रचना अगदी तोंडातल्या दातासारखी, पूर्वी सुतार लोक ही कातडी घासायला वापरायचे. गरम पाणी ओतून खरवडल्याशिवाय ती निघत नाही आणि जिथं आळस करतात तिथं रश्शात कचकच लागते. इथं लागली नाही.

रविवारी पाकटाचं सुकं असतं, २२० रुपये. पाकट म्हणजे चपटी शार्कच समजा, कुळ एकच, शेपटीवर करवती काटा असतो तो बंदरावरच तोडून टाकतात. (कुणी कोकणात ओहोटीला उथळ पाण्यात फिरताना काटा लागला तर पाय सोसवेल तेवढ्या गरम पाण्यात ठेवायचा, विष उष्णतेनं निकामी होतं, आणि मग डॉक्टर.) सुकं मला ठीक वाटलं, मसाला जास्त आणि मांस दोऱ्याचं. बायकोला आवडलं. मला खरं तर पाकट खाताना जरा जड जातं कारण बऱ्याच पाकटांची मादी अंडी घालत नाही, पोटातच पिल्लं वाढवते, गर्भाशयातनं दुधासारखा रस पाझरतो आणि पिल्लं त्यावर मोठी होतात, आणि होतात किती, तर दोन-चार. मांटा पाकटाला तर एका वेळी साधारण एकच. बांगडा हजारोंनी अंडी टाकतो, त्याचं आणि हिचं गणित एका वहीत मांडता येत नाही.

आणि इथंच तो कापलेला स्टार येतो. हात धुवायचं बेसिन मागं किचनच्या दाराशी आहे, तिथं बर्फाचा ट्रे उघडा होता. वर छोट्या मोऱ्या, आणि खाली तीन-चार पिल्लं हातोड्याच्या डोक्याची. कानमुशी. डोकं दोन्हीकडं पसरलेलं आणि टोकाला डोळे, चुकायचा प्रश्नच नाही. त्या रुंद डोक्यावर आणि थोबाडावर बारीक छिद्रं असतात, आत जेली भरलेली, त्यातनं तिला वाळूखाली लपलेल्या पाकटाच्या अंगातली वीज कळते, समुद्राचा तळ धुंडाळायचं यंत्रच म्हणा. आणि तीच इथं ‘मोरी’ म्हणून त्याच पातेल्यात, त्याच भावात.

काकींना विचारलं तर म्हणाल्या, ‘आमी काय समुद्रात जातंव? जाळ्यात गावली ती मोरी, टाकून देवची काय?’ त्यांचं चूक नाही. आपल्याकडं मोरीसाठी म्हणून जाळं टाकणारे थोडे, बहुतेक मोरी ट्रॉलरच्या आणि बाकीच्या जाळ्यात दुसऱ्या माशांबरोबर येते. पण छोटी मोरी आणि कानमुशी यात जमीन-अस्मानाचा फरक आहे आणि तो ताटात दिसत नाही. छोटी मोरी एक-दोन वर्षांत वयात येते, एका वेताला दहा-पंधरा पिल्लं देते, पुरती वाढली तरी दोन-सव्वादोन फूट. तिचं अंडं तर जेमतेम मिलिमीटरभर, बाकी सगळं पोषण नाळेतनं, माणसासारखंच. तीही काही आता निर्धास्त नाही, आययूसीएन या जागतिक निसर्गसंवर्धन संस्थेच्या यादीत धोक्याच्या उंबरठ्यावर आहे, तरी सावरायची ताकद तिच्यात आहे. कानमुशीला वयात यायलाच दहा-पंधरा वर्षं लागतात. तिची पिल्लं किनाऱ्याजवळ उथळ पाण्यात वाढतात, म्हणजे नेमकी जिथं जाळी जास्त तिथंच, आणि एकदाही न विता संपतात. स्कॅलप्ड आणि ग्रेट या दोन्ही हॅमरहेड, म्हणजे कानमुशीच्याच जाती, २०१९ पासून त्याच यादीत ‘अतिसंकटग्रस्त’ गटात आहेत, त्याच्या पुढचा गट म्हणजे जंगलातनं किंवा समुद्रातनं गेलीच. २०१३ ला साइट्स या वन्यजीवांच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या परिशिष्ट दोनमध्ये त्यांची नावं गेली, म्हणजे परदेशात पाठवायला परवाना लागतो, आपल्याकडं तर शार्कच्या परांची निर्यातच २०१५ पासून बंद आहे. पण घाट चढून सांगलीत येणाऱ्या थर्माकोलच्या पेटीत कोण डोकावतंय.

एक मित्र म्हणाला एवढं काय, शार्क काय संपायच्या आहेत का. बाबा, डायनासोर यायच्या कितीतरी आधीपासूनच्या या, चाळीस कोटी वर्षं टिकल्या, पण खुल्या समुद्रात फिरणाऱ्या शार्क आणि पाकटांची संख्या १९७० पासून जवळजवळ ७१ टक्क्यांनी घटली असा २०२१ चा अभ्यास आहे. आणि सगळ्या शार्क-पाकटं मिळून बाराशेच्या आसपास जाती, त्यातल्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त धोक्यात. मुख्य कारण मासेमारी. व्हेल शार्क, करवत मासा यांना २००१ पासून वाघाइतकंच संरक्षण आहे, २०२२ च्या दुरुस्तीनं ती यादी आणखी वाढली. गुजरातमध्ये तर व्हेल शार्क जाळ्यात अडकली की कोळी जाळं कापून सोडतात आणि वनखातं जाळ्याची भरपाई देतं, रामकथाकार मोरारीबापूंनी तिला माहेरी बाळंतपणाला आलेली लेक म्हणून सांगितल्यावर हे गावागावात पोचलं. म्हणजे लोकांना सांगितलं की कळतं. काकींच्या पोराला मी मोबाईलवर कानमुशीचा फोटो दाखवला, तो म्हणाला दादा, पेटी उतरवताना बघतो, डोकं असलं दिसलं तर घेत नाही म्हणून सांगतो व्यापाऱ्याला. सांगेल की नाही माहीत नाही, पण नोंद घेतलीय त्यानं.

बाळंतिणीला मोरीचा रस्सा देतात दूध वाढायला, म्हणून बाजूच्या टेबलावरच्या आजी पार्सल नेत होत्या. आजींना काही बोललो नाही पण इथं लिहितो. मोठा शिकारी मासा जितका वयस्क तितका पारा त्याच्या मांसात साठत जातो, त्यामुळं गरोदर बायका, अंगावर पाजणाऱ्या आया आणि लहान मुलांनी शार्क टाळावी असं अमेरिकेचं अन्नखातं सांगतं. छोट्या, कमी जगणाऱ्या मोरीत पारा मोठीपेक्षा कमी असतो हे खरं, तरी पार्सलच्या डब्यात ती किती मोठ्या मोरीचा तुकडा आहे हे कुणाला कळणार. बाळंतिणीसाठी बांगडा न्या, स्वस्त पण पडेल.

बाकी जेवणाचं पटकन सांगतो. बांगडा फ्राय उत्तम, रव्यात नुसता घोळवलेला नाही, मसाला आतपर्यंत. तिसऱ्या (शिंपल्या) त्या दिवशी कचकचल्या, वाळू राहिली होती. वडे गरम असतील तरच घ्या. सोलकढी खरी नारळाच्या दुधाची, दुसऱ्या वाटीचे पैसे घेतात पण घ्या. भात जाड तांदळाचा, मला आवडतो, बासमतीवाल्यांनी नाकं मुरडू नयेत. मोरी थाळी २८० रुपये, त्यात दोन भाकरी, सुकं, रस्सा, सोलकढी. सर्व्हिस हळू आहे, दोनच पोरं वाढायला, आवाज द्यावा लागतो. एसी नाही, पंखे आहेत.

१ जून ते ३१ जुलै यांत्रिक बोटींची मासेमारी बंद असते, त्या दिवसांत ताजी मोरी म्हणून काही मागू नका, मिळाली तर ती फ्रीजरमधली आणि मग वासाची जबाबदारी तुमची. तेव्हा सुकी खारवलेली मोरी मागा, बटाटा घालून करतात, तीही चांगली असते असं काकी म्हणतात, मी अजून खाल्ली नाही. ऑर्डर देताना सरळ विचारायचं, काकी, मोरी बारकी आहे की कानमुशी, आणि कानमुशी असली तर बांगडा सांगायचा. राग येत नाही त्यांना, उलट गप्पा मारतात. रविवारी एकच्या आत पोचा, दोनला मोरी संपलेली असते. गाडी समोर लावू नका, बाजूच्या गल्लीत लावा, समोरचा दुकानदार हवा सोडतो.