मॅरेक्सची लस ‘दिली आहे’ असं सांगून विकलेली पिल्लं

तलंगा, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या कोंबड्या, साडेतीन महिन्यांच्या झाल्या आणि लंगडायला लागल्या. आधी चाल बिघडली, मग एक पाय पुढे आणि एक मागे ताणून त्या तुसावर पडून राहू लागल्या. खाद्य समोर असूनही तिथवर पोचता येईना, अंगावरचं मांस झडत गेलं. काहींच्या डोळ्यांतला रंग उडून ते राखाडी झाले. पशुवैद्यकांनी मेलेला पक्षी उघडून दाखवला. यकृत आणि प्लीहा सुजलेली, त्यांवर पांढरट गाठी, आणि मांडीतली मोठी नस एका बाजूला दुसरीपेक्षा कितीतरी जाड. मॅरेक्स, असं ते म्हणाले; विषाणूमुळे होणारा, कर्करोगाच्या गाठी आणि लकवा आणणारा कोंबड्यांचा रोग.

मॅरेक्सची लस टोचलेली पिल्लं म्हणूनच ती आम्हाला विकली होती. लशीचे पैसे वेगळे लावले होते. सोबत शिक्का मारलेला कागद होता, त्यावर तारीख आणि लशीच्या बाटलीचं लेबल चिकटवलेलं. डॉक्टरांनी लेबलावरची बारीक अक्षरं वाचली, तर ते रानीखेत या दुसऱ्याच रोगाच्या लासोटा लशीचं निघालं. तारीख होती पिल्लं अंड्यातून निघाल्यानंतर आठवड्याभराची. लासोटा त्याच सुमारास डोळ्यात किंवा नाकात थेंब टाकून देतात. म्हणजे दिली असेल तर ती दिली असेल. मॅरेक्सच्या नावाने आमच्या गळ्यात कागद मारला.

मॅरेक्सची लस आठवडाभराने देऊन का चालत नाही, ते नीट समजून घ्या, कारण सगळी फसवणूक तिथेच पकडता येते. हा विषाणू कोंबडीच्या पिसांच्या मुळाशी वाढतो आणि कातडीच्या कोंड्यातून, धुळीतून पसरतो. शेडच्या धुळीत तो महिनोन्‌महिने टिकतो. अंड्यातून तो येत नाही, पण पिल्लू श्वास घेऊ लागलं की धोका सुरू. लशीचा परिणाम व्हायला निदान एक-दोन आठवडे जातात. म्हणून उबवणी केंद्रातच, पहिल्या दिवशी, मानेच्या मागे कातडीखाली ती टोचतात. मोठ्या केंद्रांत तर उबवणीच्या अठराव्या दिवशी अंड्यातच देतात. जास्त वापरली जाणारी लस जिवंत पेशींमधली असते. ती द्रव नायट्रोजनमध्ये उणे १९६ अंशांना ठेवावी लागते, कोमट पाण्यात झटपट वितळवून तिच्याच द्रावणात मिसळावी लागते आणि तासा-दोन तासांत संपवावी लागते. फ्रीजमध्ये ठेवायची कोरडी लसही मिळते, पण तीही टोचूनच द्यायची आणि मिसळल्यावर लगेच वापरायची.

विकणाऱ्याला जाब विचारला तेव्हा त्याचं उत्तर तयार होतं. “भाऊ, लस दिलेल्या कोंबड्यांनाही मॅरेक्सची लागण होते. कोणत्याही डॉक्टरला विचारा.” मला सगळ्यांत जास्त चीड याच उत्तराची आहे, कारण हे खरं आहे. ही लस लागण थांबवत नाही. गाठी आणि लकवा थांबवते. लस दिलेली कोंबडीही विषाणू बाहेर टाकत राहते. विषाणूचे अधिक जहाल प्रकार वेळोवेळी निघाले, त्यापायी लशीही बदलाव्या लागल्या, हेही खरं. या खऱ्या गोष्टींच्या आड तो लपतो. त्यात रोग उघड होतो तो पिल्लं विकल्यावर कित्येक आठवड्यांनी, त्यामुळे दोष पाळणाऱ्याच्या शेडवर, तुसावर, खाद्यावर ढकलता येतो. पण चांगली लस वेळेवर टोचलेल्या कळपात असे एकामागून एक पक्षी सहसा पडत नाहीत. हंगेरीच्या योझेफ मारेक यांनी १९०७ साली या रोगाचं वर्णन केलं. १९७० च्या सुमारास लस आली, आणि कर्करोगावर परिणामकारक ठरलेली ती पहिली लस मानतात. इतकी मोलाची गोष्ट, आणि तिच्याच नावावर हा धंदा.

तो एवढ्यावर थांबला नाही. उरलेल्या पक्ष्यांसाठी त्याने मॅरेक्सचा ‘बूस्टर’ आणून दिला, पिण्याच्या पाण्यात मिसळायचा. डॉक्टरांनी बाटली बघूनच बाजूला ठेवायला सांगितली. मॅरेक्सची लस पाण्यातून देत नाहीत, आणि रोग झालेल्या कोंबडीला बरं करणारं औषध अजून नाही. ज्याच्या तलंगा डोळ्यांदेखत मरत आहेत तो माणूस असल्या बाटलीला हात लावतोच, हे विकणाऱ्याला पक्कं माहीत असतं.

पिल्लं घेताना लशीचं नाव, बॅच क्रमांक, मुदतीची तारीख आणि टोचल्याचा दिवस लेखी मागा. टोचल्याचा दिवस आणि अंडी फुटल्याचा दिवस एकच हवा; अंड्यातच दिली असेल तर तो त्याआधीचा हवा. लशीच्या नावात मॅरेक्स, किंवा एचव्हीटी, रिस्पेन्स या मॅरेक्सच्याच लशींच्या प्रकारांपैकी काहीतरी दिसलं पाहिजे. लासोटा, गम्बोरो, देवी या वेगळ्या रोगांच्या लशी आहेत. जमलं तर टोचणी सुरू असताना केंद्रावर जा. जिथे ही लस रोज वापरतात तिथे नायट्रोजनची टाकी लपवायचं काही कारण नाही.

आम्ही कागद, लेबल आणि शवविच्छेदनाचा अहवाल जोडून लेखी तक्रार केली आहे. तुमच्याकडे असा कळप असेल तर मेलेला पक्षी पुरण्याआधी तपासून घ्या. तो गोठवू नका, बर्फाच्या पेटीत थंड ठेवून लवकर प्रयोगशाळेत पोचवा. जिवंत पक्ष्यांची काही पिसं मुळासकट द्या; त्यांत लशीतला विषाणू आहे की रोगाचा, हे पीसीआर या विषाणूची जनुकं ओळखणाऱ्या तपासणीत वेगळं करता येतं. नुसत्या रक्तातल्या प्रतिपिंडांवरून ते ठरत नाही, म्हणून तपासणी सांगताना हा फरक आधीच स्पष्ट करा.