म्हातारपणी कोण भारी, बोर्डो की बर्गंडी?

दोन्ही फ्रान्सचे प्रांत आणि तिथल्या रेड वाइन, पण वय झालं की स्वभाव पार वेगळे. बोर्डोत, म्हणजे पॉयाकसारख्या गावात कॅबर्ने सोव्हिन्यों जातीची द्राक्षं जास्त, त्यांची साल जाड, टॅनिन (सालीतला तुरटपणा) भरपूर, त्यामुळे वाइन तरुण असताना प्यायलात तर कच्चं जांभूळ खाल्ल्यासारखी जीभ आखडते आणि मग चांगल्या वर्षीच्या पिकाची तीच बाटली १५-२० वर्षांनी देवदाराच्या पेटीचा, तंबाखूचा, नुकत्याच तासलेल्या पेन्सिलीचा वास देते. भरवशाचं काम.

बर्गंडी पिनो न्वार नावाच्या द्राक्षाची, साल पातळ, टॅनिन कमी, ती बरीचशी आंबटपणावर टिकते. जुनी झाली की ओला पाला, मश्रूम, वाळलेला गुलाब... जमून आली तर मला हीच आवडते, पण मधे काही वर्षं वास-चव दडवून एकदम गप्प बसते, तेव्हा उघडलीत तर पैसे पाण्यात!

ग्लास पांढऱ्या कागदावर तिरका धरा, कडेला विटकरी रंग दिसला की वय कळतं, मात्र पिनो मुळातच फिकी हो, नुसत्या रंगावरून तिला म्हातारी ठरवू नका. बोर्डोच्या बाटलीला खांदे असतात, हळू ओतलं की गाळ तिथे अडकतो, डिकँटरही (आधी वाइन ओतून घ्यायचं काचेचं भांडं) चालतो. जुनी बर्गंडी मी तरी थेट ग्लासातच ओततो, वास उडतो हो पटकन.