दर्यापुरातला रेडिओवाला : व्हॉल्व्हचा सेट असेल तर इथंच न्या

जुना व्हॉल्व्हचा, म्हणजे ट्रान्झिस्टरच्या आधीचा काचेच्या नळ्यांचा रेडिओ नेला की दुकानदार दोनच गोष्टी सांगतात. "काका, भंगारात द्या", नाहीतर "आतलं सारं काढून ब्लूटूथ बसवून देतो". एका शहाण्यानं चार महिने सेट ठेवून घेतला आणि परत देताना मागचं पुठ्ठ्याचं झाकणच गायब! दर्यापुरात बस स्टँडाजवळच्या बोळीत बसणाऱ्या या मेकॅनिकनं मात्र सेट उघडला, टॉर्च मारला अन् म्हणाला, "व्हॉल्व्ह शाबूत हायेत काका. कपॅसिटर गेले. थो घुंई आवाज त्याचाच."

हा सेट अमरावतीला आमच्या हॉस्टेलच्या कॉमन रूममध्ये होता. ट्रान्झिस्टर आल्यावर त्याला कोणी विचारेना, तेव्हा लिलावात मी घेतला. १९५२ पासून बा. वि. केसकर माहिती अन् नभोवाणी मंत्री होते अन् आकाशवाणीवर सिनेमाची गाणी जवळपास बंद झाली होती, म्हणून सारे रेडिओ सिलोन (आताच्या श्रीलंकेतलं स्टेशन) ऐकत. बुधवारी रात्री आठला तिथं सिनेमाच्या गाण्यांची बिनाका गीतमाला. अमीन सायानींचा आवाज येण्याआधी मेसची पंगत उठलेली असे, आचाऱ्यालाही घाई. १९५७ ला विविध भारती सुरू झाली, तरी आमचा बुधवार सिलोनचाच राहिला. पण खरी झुंबड क्रिकेटला. डिसेंबर १९५९, कानपूर : जसू पटेलनं ६९ धावांत ९ ऑस्ट्रेलियन काढले. कॉमेंट्री इंग्रजीत, ती आमचा अकोटचा दोस्त मागच्यांना वऱ्हाडीत सांगे, "गेला ना बाप्पा, अजून एक गेला!" दुसऱ्या डावात पटेलला पुन्हा ५, आणि ऑस्ट्रेलियावर आपला पहिला कसोटी विजय. त्या रात्री रेक्टर काहीच बोलले नाहीत.

आता दुरुस्तीचं. कपॅसिटर नवे टाकले. डायलचा दोरा तुटला होता, तिथं मासे पकडायची बारीक नायलॉन दोरी चाकांवरून ओढून बसवली. काटा आता अडखळत नाही. सगळ्यात आवडलं ते हे : त्यानं विचारलं, "गावात रात्री व्होल्टेज किती ऱ्हाते?" रब्बीत मोटारपंप चालू असले की दिवे मिणमिणतात आणि पंप बंद झाले की एकदम चढतात, हे त्याला ठाऊक. म्हणून सेटच्या मागची व्होल्टेजची पिन २२० वरून २४० वर नेली, वर स्टॅबिलायझर लावायला सांगितलं. शहरातल्या कोणी हे विचारलं नव्हतं. तेव्हा रेडिओला लायसन्स लागे; पोस्टात दरसाल फी भरल्याचं ते पुस्तक पेटीत पडून होतं, तेही पुसून जागच्या जागी ठेवलं.

चालू केल्यावर अर्धा मिनिट काहीच होत नाही. मग स्टेशन नीट लागलं का ते दाखवणारा हिरवा डोळा (मॅजिक आय) उजळतो, आणि ते लागलं की त्याच्या दोन हिरव्या पाकळ्या एकमेकींजवळ सरकतात. नातू तेवढंच पाहत बसतो. मीडियम वेव्हवर नागपूर स्वच्छ लागतं. शॉर्टवेव्हवर मात्र खरखर जास्त अन् स्टेशनं कमी. त्यात मेकॅनिकचा दोष नाही, शॉर्टवेव्हवर स्टेशनं चालवणारेच फारसे उरले नाहीत.

खोट काढायचीच तर, वायदा पाळत नाही. 'परवा' म्हणजे पंधरवडा धरा. पावती मागितली तर हसतो. लाकडी पेटीला पॉलिश करत नाही, ते सुताराकडूनच करावं लागेल. मागचे दोन स्क्रूही भलतेच लावलेत. १४०० रुपये घेतले, मला जास्त वाटले नाहीत.

बाजाराच्या दिवशी जाऊ नका, त्या दिवशी तो मोबाइलचे चार्जर विकण्यातच गुंतलेला असतो. आणि सेट एसटीत नेणार असाल तर व्हॉल्व्ह आधी काढून कापडात गुंडाळा, दर्यापूरचा रस्ता तुम्हाला माहीतच आहे.