मॉडर्ना की बायोएनटेक? शेअर घ्यायच्या आधी पार्टनर बघा

दोन्ही एमआरएनएवाल्या (शरीरालाच प्रोटीन बनवायची सूचना देणारं लशीचं तंत्र) कंपन्या, दोन्ही कोविडमुळे घराघरात पोचल्या आणि दोन्हींचे शेअर 2021 च्या टोकावरून जोरात आपटलेत, त्यामुळे नुसतं "स्वस्तात मिळतोय" म्हणून कुठलाच उचलू नका. मी तर आधी हेच बघतो की ट्रायलचं, म्हणजे पेशंटवर औषध तपासण्याचं, बिल कोण भरतंय.

कोविडच्या लसीत मॉडर्ना एकटी गेली, म्हणजे अमेरिकन सरकारची मदत होती पण मोठी फार्मा कंपनी सोबत नव्हती, म्हणून नफ्यात कुणी वाटेकरी नाही. बायोएनटेकला मात्र फायझरबरोबर अर्धं अर्धं करावं लागलं. तेव्हा सगळे म्हणायचे मॉडर्ना हुशार! लाट ओसरल्यावर खर्चही तिच्या एकटीच्याच गळ्यात, 2022 ला 19 अब्ज डॉलरच्या वर असलेला महसूल 2024 ला 3.2 अब्जावर आला आणि तोटा साडेतीन अब्जाच्या पुढे. बायोएनटेकलाही 2024 ला तोटाच झाला, पण साधारण 0.7 अब्ज युरो, आणि 2024 च्या अखेरीस रोकड नि सिक्युरिटीज (रोखे वगैरे) मिळून 17 अब्ज युरोच्या वर पैसा हातात होता.

आता खरी गंमत. बायोएनटेकने बायोथिअस ही चिनी कंपनी 80 कोटी डॉलर अपफ्रंट (सुरुवातीलाच) देऊन घ्यायचं 2024 च्या नोव्हेंबरात जाहीर केलं, आणि तिच्याच कॅन्सरच्या औषधावर जून 2025 मध्ये ब्रिस्टल मायर्स स्क्विब या मोठ्या अमेरिकन फार्मा कंपनीशी डील केली. बातम्यांमध्ये आकडा 11.1 अब्ज डॉलर. पण त्यातले 7.6 अब्ज माइलस्टोनचे, म्हणजे ठरलेले टप्पे गाठले तरच मिळणारे, ट्रायल फसली तर ते विसरा. पक्के म्हणजे दीड अब्ज अपफ्रंट आणि 2028 पर्यंत हप्त्याने 2 अब्ज. तरी वाईट नाहीच, कारण डेव्हलपमेंटचा खर्चही निम्मा निम्मा.

मॉडर्नाकडे पार्टनर म्हणून मर्क ही मोठी फार्मा कंपनी आहे. पर्सनलाइज्ड (प्रत्येक पेशंटसाठी वेगळी बनवलेली) कॅन्सर थेरपीसाठी मर्कने 2022 मध्ये 25 कोटी डॉलर दिले, इथेही खर्च नि नफा अर्धा अर्धा. मेलानोमात (त्वचेचा कॅन्सर) मर्कच्याच कीट्रुडा या कॅन्सरच्या औषधासोबत ती दिल्यावर आजार परत येण्याचा किंवा मृत्यूचा धोका 44 टक्के कमी दिसला, फक्त ती ट्रायल 157 पेशंटचीच होती, त्यामुळे मी तरी त्या आकड्यावर लगेच नाचणार नाही.

मला विचाराल तर बायोएनटेक. मॉडर्ना घ्यायचीच असेल तर बुडाले तरी चालतील एवढेच पैसे टाका आणि दर तिमाहीला कॅश किती उरली ते आधी बघा, बाकी प्रेझेंटेशन नंतर.