केमोत केस वाचवणारं तेल विकणारा माणूस फिरतोय, सावध राहा

माझ्या ताईला ब्रेस्ट कॅन्सर झाला, ऑपरेशन मुंबईत झालं, केमो सुरू झाली आणि गावात कळल्यावर चिपळूणच्या एका माणसाचा भावजींना फोन आला, म्हणे केमोत केस गळूच देणार नाही असं तेल आणि सोबत प्यायची पावडर, फुल गॅरंटी, साडेसहा हजार. ताईचे केस कमरेखाली, गौरींच्या वेळी सगळ्या बायका तिचा अंबाडा बघत बसायच्या. ती रात्ररात्र रडायची, भावजींनी लगेच यूपीआय केले.

आता त्याची चलाखी बघा. ताईला डॉक्सोरुबिसिन चालू होतं, ते लाल औषध, त्याने केस पहिल्याच दिवशी जात नाहीत, साधारण 2-3 आठवड्यांनी गळायला लागतात. हे त्याला पक्कं माहीत. तेवढ्या दिवसांत रोज फोन, "बघा ताई, एक तरी केस गेला काय?" आणि त्याच विश्वासावर पुढच्या कोर्सचे पैसे पण काढून घेतले. मग सकाळी उशीवर पुंजकेच्या पुंजके, तर म्हणतो विष बाहेर पडतंय, डोस वाढवा. केमो संपल्यावर काही महिन्यांत केस तसेही परत येतात, कधी कुरळे पण येतात, आणि हा तेच फोटो मागून घेऊन पुढच्या पेशंटला दाखवतो. आम्हाला पण कुणाचे तरी असेच दाखवले होते.

अहो, औषध रक्तातून केसांच्या मुळाशी जातं, भराभर वाढणाऱ्या पेशींवर घाव घालतं, वरून तेल चोळून ते कसं थांबणार? काही हॉस्पिटलात केमो देताना डोकं थंड ठेवायची टोपी घालतात, पण गॅरंटी तिचीही नसते.

पैशांपेक्षा मला संताप त्या पावडरीचा आहे. केमोत लिव्हरवर आधीच ताण, पांढऱ्या पेशी कमी, आणि त्यात काय कालवलंय देव जाणे! पाकिटावर ना लायसन्स नंबर, ना बॅच, ना तारीख. डॉक्टर मॅडमनी ऐकल्या ऐकल्या बंद करायला लावली, लिव्हरची टेस्ट केली, नशीब रिपोर्ट नीट आला.

ताई आता बारीक केस कापून सुती रुमाल बांधते, इथल्या घामात विगपेक्षा तेच बरं पडतं. सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, 1930 वर तक्रार केलीय, ग्राहक हेल्पलाइन 1915 ला पण सांगितलंय. त्याचा जुना नंबर बंद आहे, पण गुहागर-दापोली साइडला पेशंटच्या घरी फोन जातायत असं ऐकलं. ज्यांच्याकडे कुणाची केमो चालू असेल त्यांना आजच सांगा.